तोंडातलं लेझर ऑपरेशन आणि गालात ‘मांस भरणं’: सोलापूरच्या पेशंटचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो पेशंट विचारतात त्याच शब्दांत. तोंडाचे मऊ भाग म्हणजे ओठ, गालाची आतली बाजू, जीभ, जिभेखालचा भाग, हिरड्या आणि टाळूचं आवरण. दात आणि जबड्याचं हाड ओघाने येईल तेवढंच. हे वाचून स्वतःच्या तोंडातल्या गाठीला घरीच नाव देऊ नका. नुसत्या डोळ्यांनी बघून ते पुष्कळदा आम्हालाही देता येत नाही.

लेझरने करतात म्हणजे कापाकापी नाही ना?

कापाकापीच आहे, फक्त हत्यार वेगळं. लेझरचा प्रकाश पेशींतल्या पाण्यात किंवा रक्ताच्या लाल रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि तेवढ्या जागेतल्या पेशींची वाफ होते. कापता कापताच बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं बंद होतात, म्हणून रक्त कमी येतं आणि छोट्या कामात टाके बहुधा लागत नाहीत. पेशंटला सहसा कोणी सांगत नाही असा आणखी एक फायदा आहे: रक्त नसल्यामुळे आपण नेमकं कुठे कापतोय ते डॉक्टरला नीट दिसतं. जिभेखाली काम करताना याची किंमत कळते. तिथे लाळेच्या नळ्या आणि जिभेची नस अगदी हाताशी असतात.

पण बंद होतात त्या बारीक वाहिन्या, साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या. त्याहून मोठी वाहिनी मध्ये आली तर नेहमीसारखी बांधावीच लागते. लेझर आहे म्हणून रक्तच येणार नाही, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

मग इंजेक्शनही नाही?

जवळजवळ नेहमी द्यावं लागतं. अगदी वरवरचं काम नुसती भुलेची जेल लावून होतं. गाठ काढायची असेल, हिरडी कापायची असेल तर भूल द्यायचीच.

लेझर एकच असतो की वेगवेगळे?

वेगवेगळे असतात, आणि ‘आमच्याकडे लेझर आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. दंतवैद्याच्या दवाखान्यात सर्वात जास्त दिसतो तो डायोड लेझर. मशीन छोटं असतं आणि त्याच्या बारीक तंतूचं टोक मांसाला टेकवून कापतात. त्याची तरंगलांबी साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटर असते आणि तो मुख्यतः रक्तातल्या आणि त्वचेतल्या रंगद्रव्यात शोषला जातो. रक्त छान थांबवतो, पण एकाच जागी जास्त वेळ धरला तर खालचा भाग भाजून निघतो. कार्बन डायऑक्साइड लेझर १०,६०० नॅनोमीटरचा. तो पाण्यात शोषला जातो, म्हणून वरवर आणि नेमकं कापतो. चट्टे काढायला हा उत्तम. एर्बियम लेझरची उष्णता कमी, त्याने दात आणि हाडही कापता येतं, पण रक्त थांबवण्यात तो मागे पडतो.

जाता जाता सांगतो, कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार करणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. ‘हे फॉरेनचं मशीन आपल्याला मानवेल का’ असं विचारणाऱ्या आजोबांना मी हे मुद्दाम ऐकवतो.

कोणत्या तक्रारींसाठी लेझरचा खरोखर फायदा होतो?

खालच्या ओठावर पाण्याचा फोड येतो, फुटतो, पुन्हा भरतो. ओठ चावण्याची सवय असलेल्या मुलांत हा फार दिसतो. आतली छोटी लाळग्रंथी चेपली जाऊन लाळ बाहेर साचलेली असते. इथे लेझर छान चालतो, पण नुसता फोड जाळून भागत नाही, खालची ग्रंथी काढावी लागते. ती राहिली तर फोड परत येतो आणि दोष लेझरला लागतो. सुईने फोडून घेण्याचा उद्योग तर करूच नका.

गालावर किंवा जिभेवर सारखा दात लागून आलेली घट्ट गाठ, अक्कलदाढेवरची सुजणारी हिरडीची टोपी, कवळी बसायला आड येणारी सैल त्वचा ही सगळी लेझरची सोपी कामं. वाढलेल्या हिरड्याही कापता येतात, मात्र आधी त्या का वाढल्या ते शोधायला हवं. ब्लडप्रेशरची अॅम्लोडिपिन, फिटची फेनिटोइन, किडनी बदलल्यावरची सायक्लोस्पोरिन या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या फुगतात. गोळी तीच आणि दातांवर किटणही तसंच राहिलं तर कापलेली हिरडी पुन्हा वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांशी आम्ही बोलतो.

गरोदरपणात हिरडीवर एक लाल, सहज रक्त येणारा गोळा येऊ शकतो. फार त्रास नसेल तर बाळंतपण होऊ द्यावं. पुष्कळदा तो आपोआप आकसतो.

बाळाची जीभ चिकटलेली आहे, लगेच कापायची का?

दूध ओढता येतंय का, हा पहिला प्रश्न. बाळाचं वजन नीट वाढत असेल आणि आईच्या स्तनाग्रांना जखमा होत नसतील तर जिभेखालचा पट्टा दिसतो एवढ्यासाठी कात्री किंवा लेझर लावू नये. अडचण असेल तर आधी स्तनपानाची पद्धत जाणकाराकडून तपासून घ्या. कापायचंच ठरलं तर तान्ह्या बाळात साध्या कात्रीने क्षणात होणारं काम आहे. त्यात लेझर सरस ठरतो असा पुरावा नाही.

‘तीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, जीभ कापा’ असं म्हणत आजी येतात. चिकटलेल्या जिभेने बोलणं उशिरा सुरू होत नाही. उच्चार अडतात ते जिभेचं टोक वर न्यावं लागतं असे: र, ल, ळ, ण. मूल बोलतच नसेल तर आधी त्याचे कान तपासा.

मुलीच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. ओठाचा पट्टा लेझरने काढला तर भरेल का?

पट्टा म्हणजे वरचा ओठ हिरडीला जोडणारी घडी. बहुधा थांबा. कायमचे सुळे यायचं वय साधारण ११ ते १२ असतं आणि ते आले की बऱ्याच मुलांची फट आपोआप मिटते. मिटली नाही तर आधी तारा लावून दात जवळ आणतात आणि मग पट्टा काढतात. क्रम उलटा केला तर मध्ये जो व्रण होतो तोच दातांना जवळ येऊ देत नाही.

गालात पांढरा चट्टा आहे. लेझरने जाळून टाका ना एकदाचा!

जाळून टाकला तर तपासायला काय उरणार? पुसून न जाणारा पांढरा चट्टा असेल तर आधी तुकडा काढून पॅथॉलॉजीला पाठवायचा. हा तुकडा मी साध्या ब्लेडने घेतो, कारण लेझरच्या उष्णतेने कडा भाजल्या की सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशी ओळखू येत नाहीत. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती पेठापेठांत आहे. तिला आधार नाही. ही तपासणी टाळण्यातच खरा धोका आहे.

रिपोर्ट आल्यावर चट्टा लेझरने सोलून काढता येतो. तो सगळाच्या सगळा पुन्हा तपासायला पाठवावा. जखम मऊ भरते, गाल फारसा आवळत नाही, हा कार्बन डायऑक्साइड लेझरचा मोठा गुण. पण चट्टा काढला म्हणजे पुढचा कॅन्सर टळला, असं समजू नका. तसं सिद्ध झालेलं नाही. तंबाखू सुटलीच पाहिजे आणि वर्षानुवर्षं तपासणीला यायला हवं. चट्टा लाल असेल, किंवा पांढऱ्यात लाल ठिपके असतील, किंवा तो जिभेच्या कडेला वा जिभेखाली असेल तर वेळ घालवू नका. दोन आठवड्यांत न भरणाऱ्या कोणत्याही जखमेलाही हाच नियम.

तोंड उघडत नाही, तिखट झोंबतं. हे लेझरने सुटतं का?

आमच्याकडे येणाऱ्यांत ही सगळ्यात मोठी रांग आहे, आणि त्यात मिसरूड न फुटलेली पोरंही आहेत. आजाराचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात तो पहिल्यांदा नोंदला गेला. कारण सुपारी. मावा, गुटखा, सुगंधी सुपारी, पानातली सुपारी, सगळ्यांत तीच. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, जादा तयार होतं, आणि सुपारीतल्या तांब्यामुळे ते घट्ट बांधलं जाऊन शरीराला मोडता येत नाही. गाल पांढुरका, चामड्यासारखा होतो. बोट आत घालून गालावरून फिरवलं की उभे पट्टे हाताला लागतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत.

तपासायचं कसं? आपली तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. ती सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दाखवायला या, एकच जात असेल तर आजच या. आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो. ३५ च्या वर असेल तर सुपारी सोडणं, तोंडाचे व्यायाम, गोळ्या आणि लागलीच तर गालात इंजेक्शनं. २५ च्या खाली आलं, त्यातही १५ ते २० वर अडकलं, की ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं.

ऑपरेशनमध्ये दोन्ही गालांतले पट्टे आतून कापून तोंड उघडतात. ओठाच्या कोपऱ्याजवळून मागे अक्कलदाढेपर्यंत छेद जातो आणि वरच्या दाढेसमोर उघडणारी लाळेची नळी त्यात सांभाळावी लागते. अक्कलदाढा काढतात. तरीही पुरेसं उघडलं नाही तर खालच्या जबड्याचं वर गेलेलं एक टोक, ज्याला चावण्याचा स्नायू चिकटतो, तेही काढतात. भुलेच्या डॉक्टरांची परीक्षा आमच्याआधी होते: तोंड उघडत नाही म्हटल्यावर श्वासाची नळी दुर्बिणीने नाकातून घालावी लागते. ही सोय नसलेल्या ठिकाणी हे ऑपरेशन करून घेऊ नका.

पट्टे ब्लेडने कापा, कॉटरीने (विजेच्या उष्णतेने कापणारं हत्यार) कापा, नाहीतर लेझरने. लेझरने रक्त कमी जातं हे खरं. पण सहा महिन्यांनी तोंड किती उघडेल हे हत्यारावर फार थोडं अवलंबून असतं. कापलेली जागा कशाने झाकली आणि नंतर व्यायाम किती केला, यावरच सगळं ठरतं.

मांस भरायचं म्हणजे कुठून काढता?

पट्टे कापले की गालाच्या आत उघडी, लाल खोक पडते. ती तशीच सोडली तर शरीर ती आवळून भरतं आणि पुन्हा मूळपदावर. म्हणून तिथे काहीतरी आणून लावावं लागतं.

मी पहिल्यांदा विचार करतो तो गालातल्याच चरबीच्या गोळ्याचा. प्रत्येकाच्या गालात खोलवर चरबीची एक पिशवी असते, बारीक माणसाच्याही. त्याच छेदातून ती अलगद ओढून खोकेवर पसरतात आणि टाके घालतात. बाहेर व्रण नाही, दुसरीकडे जखम नाही. पहिल्या आठवड्यात आरशात पिवळट लोणी फासल्यासारखं दिसतं आणि नातेवाईक घाबरतात. महिना-दीड महिन्यात त्यावर तोंडाचं नेहमीचं गुलाबी अस्तर चढतं. अडचण एकच, ही चरबी मागच्या भागाला पुरते, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही.

पुढपर्यंत हवं असेल तर नाकाशेजारून ओठाकडे येणाऱ्या रेषेतली त्वचा, रक्तपुरवठ्यासकट, आत वळवतात. भक्कम असते, आकसत कमी. पण चेहऱ्यावर दोन रेषांचे व्रण राहतात. आणि पुरुषांना आधीच सांगितलेलं बरं: ही दाढीच्या जवळची त्वचा आहे, तोंडात केस उगवू शकतात. ते कापावे लागतात किंवा लेझरने कायमचे घालवता येतात. लग्न ठरायचं असलेल्या मुलाला आणि त्याच्या आईला हे दोन्ही मुद्दे ऑपरेशनच्या आधी समजलेले बरे, नंतर तक्रार नको.

मांडीची पातळ कातडी लावण्याची रीत जुनी आहे. ती तोंडात नीट धरत नाही आणि आकसते. कोलॅजनचा पडदा लहान जखमेला ठीक. हाताच्या पुढच्या भागातली त्वचा रक्तवाहिन्यांसकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली गळ्यातल्या वाहिन्यांना जोडणं हे मोठं काम. मोठी खोक असेल, किंवा कॅन्सर काढल्यावर जीभ-गाल पुन्हा घडवायचे असतील तेव्हा ते करतात. छातीचा स्नायू त्वचेसकट वर वळवून आणणं हाही त्यातलाच भरवशाचा मार्ग. जबड्याचं हाड गेलं असेल तर पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड लावतात. त्याच्याशिवाय माणूस नीट चालतो.

हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं असेल तर टाळूवरून दीड मिलिमीटरपर्यंत जाडीचा तुकडा काढून तिथे शिवतात. हे बारीक शिवणकाम आहे. लेझरची त्यात फारशी भूमिका नाही.

ऑपरेशननंतर तोंड परत आवळतं म्हणतात?

व्यायाम सोडला तर आवळतंच. पहिल्या काही दिवसांतच, डॉक्टर सांगतील तेव्हापासून, आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दाढांमध्ये घालायची. आज वीस बसल्या तर दोन दिवसांनी एकवीस. किंवा स्क्रूने उघडणारं यंत्र देतात. दुखतं, डोळ्यांत पाणी येतं, हे लपवण्यात अर्थ नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, निदान सहा महिने. पूर्व भागातले कारखान्यावर जाणारे पेशंट म्हणतात, बारा तासांच्या पाळीत कुठे जमणार? जमतं. काड्या खिशात ठेवायच्या आणि बॉबिन भरेपर्यंत तोंडात. टॉवेलच्या लूमवरच्या एकाने मला हे सुचवलं आणि तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगतो.

सुपारी पूर्ण बंद? एखादी सणावाराला?

पूर्ण बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसलेल्या, कॅन्सर करणारा पदार्थ ठरवलं. विड्यातली सुपारी देवाला ठेवा. जो सुपारी सोडायला तयार नाही त्याचं हे ऑपरेशन मी पुढे ढकलतो. त्यावरून घरचे कधीकधी चिडतात.

आई विड्या वळते, मिश्री लावते. तिलाही तपासायचं का?

हो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडी आणि ओठामधली खोबण, जिथे ती दाबून धरतात, तिथले चट्टे वर्षानुवर्षं दुखत नाहीत म्हणून कोणी दाखवत नाही. विडी कामगार बायका स्वतःसाठी क्वचितच येतात. नातवाला दाखवायला येतात, तेव्हा आम्ही त्यांनाही खुर्चीवर बसवतो.

बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी असली तर?

सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या. नावं सांगताना हमखास चुकतात. रक्त पातळ करायची गोळी आपणहून बंद करू नका, छोट्या कामात ती सहसा चालूच ठेवतात. त्यात वॉर्फरिन असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट हवा. शुगर फार वाढलेली असेल तर ठरवून करायचं काम थांबवतो. पेसमेकर असेल तर आवर्जून सांगा. कॉटरीच्या विजेने त्यात अडथळा येऊ शकतो आणि अशा पेशंटमध्ये लेझर सोयीचा पडतो.

जखमेवर पिवळं-पांढरं आलंय. पू झाला का?

बहुतेक वेळा नाही. लेझरच्या जखमेवर असा थर येतोच, तोच तिचं पांघरूण. काडीने खरवडू नका. लेझरची जखम सुरुवातीला ब्लेडच्या जखमेपेक्षा थोडी सावकाश भरते आणि काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढल्यासारखं वाटतं. ताप आला, सूज वाढत गेली, घाण वास सुटला किंवा दाबूनही रक्त थांबेना, तर फोन न करता थेट या.

खायचं काय?

पहिले दोन दिवस गार आणि पातळ: ताक, ज्वारीची आंबील, गार दूध. मग मऊ भात, मुगाची खिचडी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी जखम भरेपर्यंत बंद. कडक भाकरी दुधात कुस्करून चालेल का, हा प्रश्न ठरलेला. तिचे टोकदार कण टाक्यांत अडकतात, म्हणून नको. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर पाणी कमी पडू देऊ नका. आपल्याकडच्या चाळिशीपारच्या उन्हात तोंड कोरडं पडलं की जखम जास्त दुखते. स्ट्रॉने ओढून पिऊ नका.

काळ्या हिरड्या गुलाबी होतात का?

होतात, पण काही वर्षांत काळा रंग परत येऊ शकतो. आपल्या लोकांच्या हिरड्या सावळ्या असणं हा आजार नाही. हवं असेल तर करा, आमचा आग्रह नाही.

डोळ्यांना धोका?

आहे, म्हणून पेशंटसकट खोलीतल्या सगळ्यांना त्या त्या लेझरसाठीचा खास चष्मा. साधा गॉगल चालत नाही. चष्मा दिला नाही तर मागून घ्या. पूर्ण भुलेखाली ऑक्सिजन चालू असताना लेझर वापरला तर नळी पेट घेऊ शकते, त्याची काळजी भुलेचे डॉक्टर घेतात.

खर्च किती? योजनेत बसतं का?

फोनवर आकडा सांगत नाही, कारण ओठावरचा फोड आणि दोन्ही गालांचं ऑपरेशन यांच्यात कोसांचं अंतर आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत होतात. बाकीच्या कामांचं त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. हिरड्यांचा रंग बदलण्यासारखी हौसेची कामं स्वखर्चाने. सिव्हिलमध्ये किंवा केगावच्या दंत महाविद्यालयात आधी दाखवलंत तरी चांगलंच.

तुकड्यात कॅन्सर निघाला तर मुंबईच गाठायची का?

जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ पासून बार्शीतच चालते. मुंबईला जायचं ठरवलंत तरी हरकत नाही, पण रांगेत महिने घालवण्यापेक्षा जवळ लवकर सुरुवात झालेली बरी. पॅथॉलॉजीची काच (स्लाइड) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा), नुसता कागद नाही, मागून घ्या.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर सांगाल का?

चट्टा असल्याचं कळेल, पण तो हाताला किती कडक लागतो ते फोटोत कळत नाही. अक्कलकोट, इंडी, तुळजापूरहून येणाऱ्यांनी फोटो पाठवून वेळ ठरवावी म्हणजे खेप वाया जात नाही. येताना जुने रिपोर्ट आणि गोळ्या आणा, पोट रिकामं ठेवू नका, आणि त्या दिवशी सकाळपासून मिश्री लावू नका. तिच्या थराखाली काही दिसत नाही.